गाडीचा विमा : घेताना काय पाहिलंत, क्लेमच्या दिवशी काय दिसलं?

परवा पार्किंगच्या खांबाला मागचा बंपर टेकवला. टेकवला हा माझा शब्द. बंपर मधोमध फाटला. सात वर्षं एकाच कंपनीकडे विमा, एकही क्लेम नाही, त्यामुळे मी निवांत. बिल झालं १४,४०० आणि माझ्या खिशातून गेले साडेसहा हजार. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, बंपर प्लास्टिकचा आहे ना. प्लास्टिक-रबरावर ५० टक्के घसारा, म्हणजे अर्धीच किंमत मिळते. वर १,००० कंपल्सरी कापतातच." झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, मीच दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. अठराशे वाचले म्हणून घरी मिरवलंही होतं.

तेव्हापासून भेटेल त्याला विचारतोय आणि प्रत्येकाकडे एक कहाणी आहे. म्हणून हा धागा. कंपनी कशी निवडली आणि वेळ आली तेव्हा ती कशी वागली, ते लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत. नाव आलं की भांडणं होतात आणि अनुभव बाजूला राहतो.

चौथा गिअर
काका, राग मानू नका, पण तुम्ही क्लेम करायलाच नको होता.

सात वर्षं क्लेम नाही म्हणजे तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, ५० टक्क्यांवर होता. तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. समजा तुमचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, मूळ हप्ता ९,००० आहे. आतापर्यंत ४,५०० भरत होतात, पुढच्या वर्षी ९,०००. त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के सूट, म्हणजे आधीपेक्षा २,७०० जास्त. मग २,२५०, मग १,३५०, मग ४५०. बेरीज ११,२५०, वर १८ टक्के जीएसटी. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून आकडा थोडा कमी होईल, पण कंपनीकडून मिळाले आठ हजारच ना?

मी हे गणित फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. नवरा गाडी घासून आला की आधी फ्रिजकडे बघतो.

धागाकर्ता
तुम्ही पंधरा दिवस आधी का नाही भेटलात!

बेसमेंट बी-२
जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस, पहाटे वॉचमनने बेल मारली, बेसमेंटमध्ये पाणी शिरलेलं. उतरलो तेव्हा चाकं पूर्ण बुडालेली. घाबरून आत बसलो आणि किल्ली फिरवली. घर्र... खट. पुन्हा फिरवली. आता नुसतं खट.

नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, त्याने बॉनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण काढलं. आतला कागद भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लोंबत होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "पाणी असताना स्टार्ट मारला का?" मी हो म्हणालो. खोटं बोलूनही उपयोग नव्हता म्हणा, वाकलेला कनेक्टिंग रॉड सगळं सांगतो. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टन ते दाबायला जातो, पाणी दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो. कंपनीचं म्हणणं असं की पुरात भिजणं हा अपघात, पण इंजिन तुम्ही स्टार्ट मारल्यामुळे गेलं. त्यामुळे कार्पेट, सीट, वायरिंगचे पैसे मिळाले. इंजिनचे १ लाख ८५ हजार माझे. इंजिन प्रोटेक्टचं कव्हर घेतलेलं नव्हतं. ऑनलाइन घेताना 'आपली गाडी कुठे पुरात जातेय' म्हणून त्यावरची टिक मीच काढली होती.

शेजारच्या स्लॉटमधली गाडीही तेवढीच बुडाली होती. तो गृहस्थ गावाला गेलेला. परत आला, टो करून नेली, क्लेम पूर्ण पास. घरी नसल्याचा असाही फायदा.

पत्रा आणि मी
मी सर्व्हेअर आहे. शिव्या खायची सवय आहे, तरी दोन गोष्टी सांगतो.

आमचा परवाना विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा, फी मात्र कंपनी देते. त्यामुळे लोक आम्हाला कंपनीचा माणूस समजतात आणि कंपनी आम्हाला गॅरेजवाल्याचा माणूस समजते. रोजच्या भांडणाचं कारण ठरलेलं : एका धडकेच्या क्लेममध्ये तीन वर्षांचे ओरखडे घालायचे. जुन्या चेपलेल्या जागी कडेने तांबूस गंज धरलेला असतो, खाचेत धूळ आणि वॅक्स बसलेलं असतं. ताज्या मारावर पत्रा चमकतो. ते दिसायला भिंग लागत नाही. तरी गॅरेजचा ॲडव्हायझरच सांगतो, "साहेब, दरवाजा पण टाका ना, ग्राहक जुना आहे."

आणि कृपा करून सर्व्हेच्या आधी गाडी खोलू नका. आहे तशी ठेवा, चारही बाजूंनी फोटो काढा, चासी नंबरचाही एक काढा. आधीच खोललेल्या गाडीवर काय लिहायचं आम्ही?

घाटमाथा
आमच्याकडं एजंट काका आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे. सगळ्यांच्या तारखा एका लाल डायरीत. मध्ये दोन वर्षं मी शहाणपणा करून ऑनलाइन घेतला, तीन हजार स्वस्त. पुढं खंबाटकीत ट्रकवाल्यानं मागून ठोकलं आणि टोल फ्री नंबर मला सांगत राहिला की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. चाळीस मिनिटं महत्त्वाचा होता. शेवटी काकांनाच फोन केला. पॉलिसी त्यांची नसताना त्यांनी क्रेन पाठवली आणि काय लिहायचं ते फोनवर सांगितलं. पुढच्या वर्षी गुपचूप परत त्यांच्या डायरीत.

टक्केटोणपे
@घाटमाथा, एजंट चांगला असेल तर प्रश्नच नाही. माझ्या एजंटने बोनस ५० टक्के टाकून पॉलिसी काढली, हप्ता कमी दिसला, मी खूश. आदल्या वर्षी काचेचा क्लेम झालेला, तो त्याने सांगितलाच नाही आणि मीही फॉर्म वाचला नाही. पुढच्या क्लेमच्या वेळी नव्या कंपनीने जुन्या कंपनीला मेल टाकला आणि मी खोटारडा ठरलो. सही माझी होती.

दोन शून्य
निवडताना एवढंच बघा : थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानभरपाईच्या विम्याचा, दर सरकारी असतो, कंपनी कुठलीही असो. १ जून २०२२पासून १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला तो ३,४१६ रुपये झाला. त्यामुळे "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, ॲड-ऑनमध्ये (जादा कव्हर) आणि आयडीव्हीमध्ये (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत). आणि तुमच्या नेहमीच्या गॅरेजला फोन करून विचारा की कुठल्या कंपनीचे पैसे वेळेवर येतात. ते खरं सांगतात, कारण त्यांचेच अडकलेले असतात.

तिसरा मालक
सेकंडहँड घेतली. आरसी माझ्या नावावर झाली, पेढे वाटले. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, आठ महिने बाकी होते म्हणून तशीच ठेवली. पाचव्या महिन्यात डिव्हायडरला घासली. क्लेम नाकारला. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर आपोआप येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा विमा नावावर करून घ्यायला १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. आणि जुन्या मालकाचा बोनस तर येतच नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्याने तो त्याच्या नव्या गाडीला लावलासुद्धा होता.

पेट्रोल वर्गणी
आम्ही ऑफिसचे चौघे एका गाडीने जायचो, पेट्रोल वाटून. अपघात झाला, तपासाला आलेल्या माणसाने मागे बसलेल्या मित्राला विचारलं, "पैसे देता का?" तो भोळेपणाने म्हणाला, "हो, महिन्याला देतो." रिपोर्टमध्ये आलं 'भाडोत्री वापर'. क्लेम नामंजूर.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी दिलं, एक महिना वाट पाहिली, उत्तर तेच. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे. फी नाही, वकील नाही. पेट्रोलची बिलं आणि मित्रांना पाठवलेला हिशेब जोडला, त्यात माझाही चौथा हिस्सा होता. भाडं घेणारा स्वतःकडून कशाला पैसे घेईल? साडेतीन महिन्यांनी निकाल माझ्या बाजूने. मित्राला मात्र अजून चहाच्या पैशांवरून चिडवतो.

चौथा गिअर
हे वाचून आमच्या ग्रुपचं नाव 'भाडोत्री नाही' असं ठेवलंय.

रिकामी जागा
माझी चोरीला गेली. सकाळी खाली आलो तर जिथे गाडी लावली होती तिथे कोरडा चौकोन, भोवती ओला रस्ता.

एफआयआर त्याच दिवशी केला. कंपनीला कळवायचं डोक्यातच आलं नाही, नवव्या दिवशी कळवलं. त्यावरून पत्र आलं की उशीर झाला, अट मोडली. एका वकील मित्राने सांगितलं की एफआयआर लगेच झाला असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही, जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलंय. तो संदर्भ घालून उत्तर दिल्यावर फाइल हलली.

मग कागद. गाडी सापडत नसल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल, आरटीओचे २८, २९, ३० नंबरचे फॉर्म सह्या करून, बँकेचं ना हरकत, आणि दोन्ही किल्ल्या. किल्ली एकच दिली तर गाडीतच राहिली होती का, असा संशय येतो. आयडीव्हीही मीच स्लायडर मागे ओढून कमी केलेला, ९०० रुपये वाचवायला. आता त्या ९०० पायी तीसेक हजार कमी मिळणार होते, ते वेगळंच.

दुसऱ्या किल्लीसाठी घर उलटंपालटं केलं. कपाटं, जुन्या बॅगा, गणपतीची पेटी. चौथ्या दिवशी आईने शिवणाचा डबा उघडला, रिळं बाजूला केली आणि किल्ली काढून हातात ठेवली. "तूच म्हणाला होतास ना, नीट ठेव म्हणून."