दोन दिवस, दोन नाटकं आणि दादरचा जिना: मुंबई माहीत असलेल्यांनी मदत करा

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, प्रतापनगर. पुढच्या महिन्यात आईला घेऊन दोन दिवस मुंबईला जातेय, फक्त नाटकं बघायला. चांगली नाटकं आपल्या देशपांडे सभागृहातही येतात, पण शिवाजी मंदिरात बसून नाटक बघायची आईची जुनी हौस आहे.

शनिवारी रात्री दादरचं शिवाजी मंदिर, रविवारी दुपारी पार्ल्याचं दीनानाथ. सोमवारी परत.

आईचे गुडघे दुखतात, खरी अडचण तीच. आपली गाडी मध्य रेल्वेच्या फलाटावर लागणार आणि शिवाजी मंदिर पश्चिमेला, प्लाझासमोर. सामान घेऊन तो पूल चढायचा म्हणजे कठीणच. आता दादरचे फलाट १ ते १४ सलग झालेत म्हणे, पण लिफ्ट किंवा सरकता जिना नेमका कुठल्या फलाटावर आहे?

दुसरं, रविवारी पश्चिम रेल्वेवर ब्लॉक असला तर पार्ल्याला टॅक्सीनेच जावं का? एरवी धीम्या लोकलने सहावंच स्टेशन आहे. पण आम्ही सीताबर्डीला आरामात मेट्रो बदलणारी माणसं, लोकलची धक्काबुक्की आईला झेपायची नाही. रविवारी दुपारी बायकांच्या डब्यात बसायला मिळतं का?

आणि रात्रीचं नाटक सुटल्यावर प्लाझाजवळ टॅक्सी सहज मिळते, की लॉज तिथेच चालत जाण्याजोगा घ्यावा? दादर पश्चिमेला साधा, स्वच्छ, लिफ्ट असलेला लॉज कोणी स्वतः राहून पाहिला असेल तर सांगा बाप्पा.