मदत हवी आहे, एनबीए बास्केटबॉल: ईस्ट गटाला कॅव्हज (क्लीव्हलंड कॅव्हलियर्स) लिहू का? आज रात्री ११ च्या आत यादी द्यायची आहे

कॅव्हप्रेमी (१९ जानेवारी २०२५, सकाळी ९:५०)
मंडळी जरा लवकर सांगा. आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी सीझन निम्मा झाला की प्रत्येकाने अंदाज लिहून द्यायचे असतात, ईस्टचा विजेता, वेस्टचा विजेता, एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), सगळ्यात सुधारलेली टीम, सगळ्यात निराशा करणारी टीम. बाकीचं सगळं भरून झालंय, वेस्टला ओक्लाहोमा सिटी थंडर, एमव्हीपी त्यांचाच शे, सुधारलेली पिस्टन्स, निराशा सिक्सर्स. ईस्टवर अडलोय. आज सकाळी मिनेसोटाला हरवून कॅव्हज ३५-६ (३५ विजय, ६ पराभव) झाले म्हणजे बरोबर ४१ मॅच, अर्धा सीझन. मन म्हणतंय कॅव्हज लिही पण गुरुवारची मॅच डोक्यातून जात नाहीये. काय लिहू?

रिबाउंड (१०:०५)
विजेता म्हणजे काय? ८२ मॅचनंतर ईस्टमध्ये पहिला नंबर की फायनलला जाणारी टीम? दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत. आणि गुरुवारची कुठली मॅच ते पण लिहा, सगळेच रोज बघत नाहीत.

कॅव्हप्रेमी (१०:१२)
अहो फायनलला जाणारी, अजून काय. गुरुवारची म्हणजे ओक्लाहोमा सिटीतली, थंडरकडून १३४-११४ हरलो, शेने तीन क्वार्टरमध्येच ४० मारले आणि चौथ्याला बसूनच होता. आपला मिचेल ८ पॉइंट!! गाडी कुठेच नव्हती आपली.

ओहायोकर (१०:३१)
एका मॅचवरून ठरवू नका. ८ तारखेची क्लीव्हलंडची मॅच मी फील्डहाऊसमध्ये बसून पाहिली, तेव्हा कॅव्हज ३१-४ आणि थंडर ३०-५ होते, थंडर सलग १५ जिंकून आलेले आणि आपण १२९-१२२ जिंकलो. आघाडी सारखी इकडून तिकडे जात होती, पूर्ण चौथा क्वार्टर लोक उभे होते, माझा घसा दोन दिवस बसला होता. पण मला जे दिसलं ते असं की ती मॅच मिचेलने जिंकून दिली नाही, जॅरेट ॲलनचे २५ आणि मोबलीचे २१, आणि दोघंही पास देत होते. गेल्या वर्षीपर्यंत मोबली बास्केटजवळ उभा राहून मिचेल काय करतो ते बघायचा. नव्या कोचने, ॲटकिन्सनने, आल्या आल्या बॉल मोबलीच्या हातात दिला आणि मिचेलची मिनिटं कमी केली, म्हणून एप्रिलमध्ये प्लेऑफला (शेवटच्या बाद फेऱ्यांना) तो ताजा असेल. सलग १५ जिंकून सीझन सुरू करणं ही नशिबाची गोष्ट नाही.

हिरवा_झेंडा (१०:४४)
नशीब नाही, पण जानेवारी आहे. २०१४-१५ चे अटलांटा हॉक्स आठवा. जानेवारीत १७ पैकी १७ जिंकले, सीझनला ६० जिंकले, ईस्टमध्ये पहिले आले आणि कॉन्फरन्स (म्हणजे ईस्टच्या) फायनलला ४-० हरले, कोणाकडून तर तुमच्याच कॅव्हजकडून! बोस्टन सेल्टिक्स गेल्या वर्षी ६४ जिंकले, प्लेऑफमध्ये १६-३. या वर्षी बारा-तेरा मॅच हरलेत म्हणून सगळे त्यांना विसरले, पण पोर्झिंगिस पायाच्या ऑपरेशनमुळे नोव्हेंबरच्या शेवटी आलाय आणि टेटम, ब्राऊन, व्हाईट, हॉलिडे सगळे तेच आहेत. डोळे मिटून सेल्टिक्स लिहा.

ओहायोकर (१०:५२)
त्या हॉक्सकडे मिचेलसारखा एकही माणूस नव्हता की मॅच अडकली की स्वतः उचलून नेईल. तुलनाच चुकीची आहे.

हिरवा_झेंडा (१०:५८)
मिचेल २०२३ ला पण होता. न्यूयॉर्क निक्सकडून पहिल्याच फेरीत ४-१ हरले. २०२४ ला आमच्या सेल्टिक्सकडून ४-१. तेव्हा का नाही उचलून नेली?

ओहायोकर (११:०१)
२०२४ ला तो शेवटच्या दोन मॅच खेळलाच नाही, पोटरी दुखावली होती. ॲलन तर ती सीरिजच खेळला नाही. अर्धवट सांगू नका.

जोकर_नाशिक (११:१०)
धागाकर्ते, शेचं नाव एमव्हीपीला का लिहिलंत? नगेट्सचा योकिच जवळपास ट्रिपल-डबलच्या (पॉइंट, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहा किंवा जास्त) सरासरीने खेळतोय, एक सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू)!! डिसेंबरात वॉशिंग्टनविरुद्ध ५६ मारले, तरी टीम हरली, यावरून कळतं की बाकीचे काय करतायत. तो बेंचवर गेला की नगेट्सचा स्कोअर थांबतो. २०२१, २०२२, २०२४ असे तीन मिळालेत म्हणून चौथा द्यायचा नाही हा कुठला न्याय.

कॅव्हप्रेमी (११:१५)
एमव्हीपीचं मी विचारलंच नाहीये हो. ईस्ट, फक्त ईस्ट.

मधुरा_एडिसन (११:४०)
ईस्टमध्ये निक्स पण आहेत याची कुणाला आठवणच नाही. लांबून तीनचे शॉट मारणारा सेंटर टाउन्स आल्यापासून त्यांच्या ब्रन्सनला मधे जागा मिळायला लागली, समोरच्या सेंटरला तीनच्या रेषेपर्यंत बाहेर यावं लागतं. मी त्यांना या सीझनला दोनदा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बघितलंय. काळजी एकच, कोच थिबोडो पहिल्या पाच जणांना इतकी मिनिटं खेळवतात की एप्रिलपर्यंत पाय राहतील की नाही माहीत नाही. आणि कॅव्हजबद्दल खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही, गार्लंड आणि मिचेल दोघंही ठेंगणे आहेत. रेग्युलर सीझनला रोज नवी टीम असते त्यामुळे चालून जातं, प्लेऑफला एकच टीम सात मॅच त्या दोघांनाच शोधून त्यांच्यावर हल्ला करणार. गुरुवारी थंडरने उलट बाजूने तेच केलं, त्यांचे डॉर्ट आणि वॉलेस या दोघांना श्वास घेऊ देत नव्हते.

कॅव्हप्रेमी (११:४८)
हेच!! हेच डोक्यात फिरतंय माझ्या, शब्दात मांडता येत नव्हतं. धन्यवाद मधुराताई. मग सेल्टिक्स लिहू?

रिबाउंड (११:५५)
थांबा. गुण कसे आहेत? सगळ्यांनी एकच नाव लिहिलं आणि ते बरोबर आलं तर गुण वाटून जातात का? तसं असेल तर बाकीच्यांनी काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

पहाटपक्षी (दुपारी १२:२०)
भारतातून बघणाऱ्यांसाठी सांगतो, हिवाळ्यात ईस्टच्या मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाच-सहाला लागतात, आठपर्यंत संपतात आणि ऑफिसला वेळेवर जाता येतं. रात्री जागू नका, लवकर झोपा आणि मोबाईलवर निकाल आधी बघू नका. मी पाच वर्षं असंच बघतोय, मुंबईला २०१९ ला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळायला आले होते तेव्हापासून. पहिली मॅच ओव्हरटाइमला १३२-१३१, अंगावर काटा येतो अजून. तेव्हापासून मी किंग्जचा.

जोकर_नाशिक (१२:३१)
निराशा करणाऱ्या टीममध्ये किंग्जच लिहायला हवं. त्यांच्या कोचने, माइक ब्राऊनने, २०२३ ला १६ वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला, त्याच माणसाला डिसेंबरात काढलं.

पहाटपक्षी (१२:४०)
१३-१८ झाले होते, सलग पाच हरले होते. आणि टीम नवा कोच डग ख्रिस्तीकडे आल्यावर पहिली हरून मग सलग ७ जिंकले. टीमचे मालक रणदिवे आपल्या मुंबईचे, त्यांच्यावर टीका करायला सगळे पुढे.

मधुरा_एडिसन (१२:४७)
मुंबईचे आहेत म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. जूनमध्ये करार वाढवून दिला आणि सहा महिन्यांत काढलं, हे त्या कोचशी चांगलं वागणं नाही.

कॅव्हप्रेमी (दुपारी ४:०५)
किंग्ज वेस्टमध्ये आहेत!! कृपया विषयावर या. रिबाउंड, हो, गुण वाटून जातात, ते लिहायचं राहिलं. आठ जण आहोत, पाच जणांनी सेल्टिक्स लिहिलंय असं कळलं.

रिबाउंड (४:१२)
मग हे सकाळीच सांगायचं ना! सेल्टिक्स आले तर तुम्हाला सहावा हिस्सा. कॅव्हज आले तर फार तर दोघा-तिघांत वाटणी. सेल्टिक्सची शक्यता जास्त मानली तरी दुप्पट-तिप्पट जास्त नाहीये. कॅव्हज लिहा.

हिरवा_झेंडा (४:२०)
हे बास्केटबॉलचं उत्तर नाही, हिशोबाचं आहे.

ओहायोकर (४:२५)
बास्केटबॉलचंही आहे. तीन पॉइंटचे ४० टक्क्यांच्या आसपास शॉट आत जातायत, बेंचवरून टाय जेरोम आणि लेव्हर्ट येतात. पिस्टन्सचं नाव लिहिलंत ना सुधारलेल्यात? गेल्या वर्षी १४-६८ होते, यंदा निम्म्यातच त्याच्या पुढे गेले. त्यांचा कोच बिकरस्टाफ, आपण मे महिन्यात काढलेला. म्हणजे गेल्या वर्षी आपला कोच वाईट नव्हता, तरी नवीन कोचने त्याच खेळाडूंकडून इतकं जास्त काढलंय. लिहा कॅव्हज.

कॅव्हप्रेमी (रात्री १०:४०)
पाठवली यादी. कॅव्हज लिहिलं. २०१६ ला ३-१ ने मागे असताना ७३ जिंकलेल्या वॉरियर्सविरुद्ध मी यांना सोडलं नाही, आता ३५-६ असताना कसं सोडू. सगळ्यांचे मनापासून आभार.

पहाटपक्षी (२ फेब्रुवारी, सकाळी ११:०५)
धागा वर काढतोय. डॅलसचा लुका डॉन्चिच लेकर्सला!!! बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) डॅलसला. मला वाटलं बातमी देणाऱ्याचं अकाउंट हॅक झालं, तीनदा वाचलं.

जोकर_नाशिक (११:१९)
२५ वर्षांचा खेळाडू, आठ महिन्यांपूर्वी फायनलला घेऊन गेला त्यांना. डॅलसच्या लोकांचं फार वाईट वाटतंय.

कॅव्हप्रेमी (११:३६)
आमच्या ग्रुपमध्ये तिघं म्हणतायत याद्या परत उघडा, वेस्ट बदलायचंय. मी नाही म्हणालो. नियम काय असावा, ट्रेड डेडलाइन (टीमनी खेळाडू अदलाबदल करायची शेवटची तारीख) ६ तारखेला आहे, दरवर्षी त्यानंतर याद्या घ्यायच्या का?

रिबाउंड (११:४१)
आधी सांगा, नियम कुठे लिहून ठेवलेत का?