आडनाव तेच, तरी === म्हणतं वेगळं

खानापूरवाला
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाची सभासद यादी मी वेबपेजवर चढवलीय, शोध जावास्क्रिप्टमध्ये लिहिलाय, दोन नावं तंतोतंत सारखी आहेत का हे === या खुणेनं ताडतो. काल एक आजी पुस्तक बदलायला आल्या. आडनाव कुऱ्हाडे. टाइप केलं, तर "सापडले नाही". आजींचा चेहरा एवढासा झाला. "माझं नाव काढलं काय रे बाळा?" म्हणाल्या. नाव यादीत आहे ओ, मी डोळ्यांनी बघतोय! ट्रिम करून, म्हणजे मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढून झालं. लेंग्थ, म्हणजे चिन्हांची संख्या काढली, तर यादीतल्या कुऱ्हाडेची ९ आणि मी टाइप केलेल्याची ८. हा नववा कोण?

निपाणीची सुगरण
दादा, === अक्षराचा आकार बघत नाही, एकेक संकेतांक, म्हणजे प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक ताडून बघतं. ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकसंध ऱ (०९३१), नाहीतर र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. दोन्हीकडं नॉर्मलाइझ लावा, एनएफसी (युनिकोडचं जोडलेलं रूप) देऊन. दोन्ही एकसंध होतील.

खानापूरवाला
ताई, लावलं. अजून ९ च.

शहापूर पेठ
मग तिथं न दिसणारा जोडक असणार, झेडडब्ल्यूजे (२००डी), अक्षरं कशी जोडून दाखवायची ते सांगणारं चिन्ह. जुन्या टायपिंगात र, हलन्त, जोडक असं करून ऱ्ह उमटवायचे. एनएफसी त्याला हात लावत नाही. सरळ उडवून टाका.

निपाणीची सुगरण
उडवू नका! जोडक काढला की ऱ्हचा र्ह होतो, रफार वर चढतो. मग दऱ्या आणि दर्या एकच. तुमच्या खानापूरच्या जंगलातल्या दऱ्या समुद्रात जातील. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांचंही तेच. "र, हलन्त, जोडक" हे तिन्ही मिळून शोधा आणि त्या जागी "ऱ, हलन्त" घाला. यादीतल्या नावावरही आणि टाइप केलेल्यावरही.
यादी लावताना नुसतं सॉर्ट वापरू नका. त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, म्हणून काळे कासारांच्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत ळ हच्या नंतर. भाषेच्या क्रमानं ताडणारं लोकेलकम्पेअर घ्या आणि त्याला मराठी भाषा सांगा. पण नाव तेच आहे का हे ठरवायला ते घेऊ नका, ते जोडक मोजतच नाही.

खानापूरवाला
झालं ताई! दोन्हीकडं ८. आजींच्या घरी जाऊन सांगून आलो, नाव आहे म्हणून.
आता पत्त्याच्या रकान्यात बेळगाव, बेळगांव आणि २०१४ नंतरच्या अर्जांत बेळगावी, अशी तिन्ही रूपं आहेत. ती नॉर्मलाइझनं जुळतील काय?

शहापूर पेठ
नाही, ते वेगळे शब्दच आहेत. तीन रूपांसमोर एकच गावक्रमांक असा वेगळा तक्ता करा आणि क्रमांक ताडा. पण लोकांनी लिहिलेलं रूप पुसू नका, जसं दिलं तसं राहू दे.