चांदीपुरा विषाणू स्वतःचे विकर सोबत का आणतो?

प्रश्न – जीवशास्त्र शिक्षक, वर्धा जिल्हा

नमस्कार. मी एका खेड्यातील कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. विषाणूंचा पाठ आला की मी चांदीपुरा विषाणूचे उदाहरण घेतो, कारण १९६५ साली तापाच्या रुग्णांमध्ये तो प्रथम सापडला ते गाव आपल्या नागपूरकडचेच आहे आणि मुले त्यामुळे कान देऊन ऐकतात. विषाणू पेशीत शिरतो आणि पेशीचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढतो, असे मी सांगत आलो. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले की यंत्रणा पेशीचीच वापरायची असेल, तर चांदीपुराच्या कणात आरएनएची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) आधीपासून कशासाठी असते, आणि जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या विषाणूत ते का नसते? दोन्ही आरएनए विषाणूच आहेत. मी दिलेल्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

उत्तर – सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका, नागपूर

सर, त्या मुलीने नेमका गाभ्याचा प्रश्न विचारला आहे. लाळ्या-खुरकूत विषाणूचा सुमारे ८४०० अक्षरांचा आरएनए धन धाग्याचा असतो, म्हणजे तो आपल्या संदेशवाहक आरएनएसारखा थेट वाचता येतो. तो पेशीद्रव्यात उतरला की प्रथिने बनवणारे रायबोसोम त्यावर बसतात, एक लांबलचक प्रथिन तयार होते, त्याचे तुकडे पडतात आणि त्यातलाच एक तुकडा म्हणजे नक्कल करणारे विकर. ते पेशीत आल्यावर घडवता येत असल्यामुळे सोबत आणण्याची गरज उरत नाही.

चांदीपुराचा सुमारे ११००० अक्षरांचा आरएनए ऋण धाग्याचा आहे. ग्रामपंचायतीच्या रबरी शिक्क्यावर अक्षरे उलटी असतात; कागदावर उमटल्याशिवाय ती वाचता येत नाहीत. या आरएनएचेही तसेच आहे. आधी त्याची सुलट प्रत काढावी लागते, आणि आरएनएवरून असा लांब आरएनए उतरवणारे विकर आपल्या पेशीत नाही, कारण आपल्या पेशीचे संदेश डीएनएवरून उतरतात. विकर बनवायला सुलट प्रत हवी आणि सुलट प्रत काढायला विकर हवे, असा हा पेच आहे. म्हणून एल नावाचे हे मोठे विकर आणि त्याचे सहायक पी प्रथिन कणातूनच पेशीत येतात. चांदीपुराच्याच गटातील, अमेरिकेत गुराघोड्यांना होणाऱ्या वेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूच्या एका कणात एलचे सुमारे ५० रेणू असतात. कणात असे विकर असते हे १९७० साली डेव्हिड बाल्टिमोर, ॲलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्फर यांनी याच विषाणूवर दाखवून दिले.

शिक्क्याची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, तेही मुलांना सांगावे. हा आरएनए कधी उघडा नसतो; एन प्रथिनाच्या शेकडो रेणूंनी तो गुंडाळलेला असतो आणि एल विकर गुंडाळलेलाच धागा वाचते. त्यामुळे प्रयोगशाळेत लाळ्या-खुरकूत विषाणूचा नुसता शुद्ध आरएनए पेशीत सोडला तरी नवे विषाणू तयार होतात, चांदीपुराचा सोडला तर काहीच घडत नाही. त्या मुलीला माझ्या मते हाच प्रयोग आधी सांगा.

उत्तर – पशुवैद्यक, यवतमाळ जिल्हा

मॅडमनी सांगितले त्यात एक भर घालतो, कारण विद्यार्थी पुढे हमखास घसरतात ते इथे. कणात विकर असणे ही केवळ ऋण धाग्याची खूण नव्हे. लम्पीचा विषाणू डीएनएचा आहे, तरी तो संदेश उतरवणारे विकर सोबतच आणतो. कारण त्याचे सगळे काम पेशीद्रव्यात चालते आणि पेशीचे ते विकर केंद्रकात असते. म्हणजे पेशीकडे काय आहे आणि ते कुठे आहे, दोन्ही पाहिले पाहिजे.

लाळ्या-खुरकुताचा विषाणू रायबोसोम कसे बळकावतो हेही सांगण्याजोगे आहे. पेशीच्या संदेशांना टोकाला टोपी असते आणि रायबोसोम तिच्या आधाराने बसतात. हा विषाणू टोपी व रायबोसोम यांना जोडणारे एक प्रथिनच कापून टाकतो. त्याच्या स्वतःच्या आरएनएला टोपी नसते, पण घड्या पडून तयार झालेल्या एका भागावर रायबोसोम थेट बसतो, त्यामुळे पेशीचे काम थांबते आणि त्याचे चालू राहते. बैलाच्या जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात तेव्हा तिथल्या असंख्य पेशींत हे आधीच घडून गेलेले असते.

पुन्हा शिक्षक

दोघांचेही मनापासून आभार. एकच शंका राहते. चांदीपुराचे एल विकर त्याच धाग्यावरून कधी छोटे संदेश उतरवते, तर कधी अखंड प्रत काढते. कधी काय करायचे हे कशावरून ठरते?

उत्तर – सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका, नागपूर

सर, मुख्यतः एन प्रथिनाच्या साठ्यावरून. धाग्यावर एन, पी, एम, जी, एल या क्रमाने पाच जनुके आहेत. विकर एका टोकाने सुरुवात करते आणि दोन जनुकांमधल्या दर सांध्यावर काही वेळा गळून पडते. वेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूत ही गळती सुमारे ३० टक्के मोजली गेली आहे. त्यामुळे पहिले एन सर्वांत जास्त तयार होते आणि शेवटचे एल सर्वांत कमी, आणि गरजही त्याच प्रमाणात असते. एन पुरेसे साठले की नवा आरएनए तयार होता होताच ते त्याला गुंडाळू लागते, तेव्हा विकर सांध्यांवर न थांबता टोकापर्यंत जाते आणि अखंड सुलट प्रत मिळते. त्या प्रतीवरून पुन्हा ऋण धागे निघतात.

दरम्यान एम प्रथिन केंद्रकाच्या छिद्रांपाशी पेशीचे संदेश अडवते. विषाणूचे संदेश पेशीद्रव्यातच तयार होतात, त्यामुळे त्यांना ही अडवणूक बाधत नाही. अडकतात ते पेशीचेच, आणि विषाणूची चाहूल लागल्यावर इंटरफेरॉन हे बचावाचे प्रथिन बनवण्याचा संदेशही त्यांतच असतो. विद्यार्थिनीला हेही सांगा की भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलीत वाढणाऱ्या आणि चांदीपुरा पसरवणाऱ्या वाळूमाशीच्या शरीरात हाच विषाणू वाढतो, आणि मादीकडून तो तिच्या अंड्यांतही उतरतो.