मदत हवी आहे: कॅननच्या सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या कशा करायच्या? अर्जंट, उद्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतलं यण्णीमज्जन (लिंगांना तैलाभिषेक) आहे!!

होटगीरोडवाला
मंडळी लवकर सांगा. भाचा संक्रांतीला आलाय, दुपारी दोन तास कॅमेरा त्याच्या हातात होता आणि आता फोटो सगळे काळेपिवळे यायलेत. टेस्ट म्हणून बाबांना बाराबंदी (यात्रेतला पांढरा पोशाख) घालून अंगणात उभं केलं तर बाराबंदी हळदीत बुडवून काढल्यासारखी. वर व्ह्यूफाइंडरमधून बघितलं तरी सगळं धुरकट. काय काय दाबलंस विचारलं तर "मामा मी काहीच नाही केलं." मला एकेक सेटिंग शोधत बसायला वेळ नाही, खोक्यातून काढला तेव्हा होता तसा करायचाय. मेनूत रिसेटचं ऑप्शनच नाही, तीनदा बघितलं. सकाळी नंदीध्वज (मानाच्या काठ्या) निघायच्या आत उत्तर कसब्यात पोचायचंय.

कडकभाकरी
मॉडेल कुठलं बे?

जुळेसोलापूरकर
बॅटरी काढून अर्धा तास ठेव. आमचा सेटटॉप बॉक्स असाच जागेवर येतो.

मास्तर_निवृत्त
जुळेसोलापूरकर, कृपया चुकीचं सांगू नका. बॅटरी काढल्याने सेटिंग जात नाहीत, ती आतल्या मेमरीत राहतात. नाहीतर दर वेळी चार्जिंगला बॅटरी काढली की सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

जुळेसोलापूरकर
माझी गेली होती मास्तर.

मास्तर_निवृत्त
काय गेलं होतं?

जुळेसोलापूरकर
तारीख.

मास्तर_निवृत्त
बॅटरी फार दिवस काढून ठेवली तर तारीख-वेळ जाते. तेवढंच जातं. मी तेच म्हणतोय.

हिरवाठिपका
एकदम सोपं आहे, बॉडीवर दोन बटणांशेजारी हिरवे ठिपके असतात, ती दोन्ही एकत्र दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायची, वरची स्क्रीन क्षणभर बंद होऊन परत येते की झालं. माझ्या डी७०००ला मी प्रत्येक लग्नाच्या आदल्या रात्री करतो. मेनूत जायचीच गरज नाही, निकॉनने हे किती आधीपासून दिलंय.

होटगीरोडवाला
वर कॅनन लिहिलंय ना

हिरवाठिपका
म्हणून तर म्हणलं. निकॉन घ्या.

कडकभाकरी
अरे पण कॅनन म्हणजे कुठला? ढिगानं मॉडेलं आहेत. पुढच्या बाजूला लिहिलेलं असतं बघ.

नवीपेठ_नाका
माझ्याकडं पण असंच झालं होतं. कार्ड फॉरमॅट मार, सगळं साफ होतं.

मास्तर_निवृत्त
थांबा!! फॉरमॅट मारू नका. फॉरमॅटने कार्डातले फोटो जातात, कॅमेऱ्याची सेटिंग जशीच्या तशी राहतात. बरोबर उलटं होईल.

होटगीरोडवाला
बाबो. कार्डात बहिणीच्या डोहाळजेवणाचे फोटो आहेत, अजून कुठंच उतरवले नाहीत. बोट ओकेवरच होतं माझं.

नवीपेठ_नाका
सॉरी. पण माझं झालं होतं नीट.

कडकभाकरी
कॅमेऱ्यातलं कार्ड काढून बाजूला ठेव आधी. आणि मॉडेल??

होटगीरोडवाला
१३००डी. किती वेळा तेच विचारताय

कडकभाकरी
पहिल्यांदाच सांगितलंस बे. आता अजून एक सांग, वरचा डायल कशावर आहे?

होटगीरोडवाला
हिरव्या ऑटोवर. पी (प्रोग्रॅम) वर काढले की काळेपिवळे, हिरव्यावर रंग बरे येतात म्हणून तिथंच ठेवलाय. पण हिरव्यावर कमी उजेडात फ्लॅश आपोआप उघडतो, मिरवणुकीत लोकांच्या तोंडावर फ्लॅश मारत फिरू का? त्याचा काय संबंध पण?

कडकभाकरी
सगळा संबंध तिथंच आहे. हिरव्या ऑटोवर असताना कॅनन मेनूतले निम्मे टॅब लपवून ठेवतो, म्हणून तुला रिसेट दिसंना. डायल पी वर घे, मेनू दाब, पिवळ्या पान्याच्या चिन्हाच्या टॅबात जा, त्यात क्लिअर सेटिंग्ज आहे, आत क्लिअर ऑल कॅमेरा सेटिंग्ज. ओके मार. भाषा, तारीख जात नाही, फोटोंना हात लागत नाही. तिथंच खाली कस्टम फंक्शन साफ करायचं वेगळं आहे, भाच्यानं तिथंही बोटं घातली असतील तर तेही कर.

आणि हिरव्यावर बरे येतात म्हणजे कॅमेरा ठणठणीत आहे. पोरानं एक्स्पोजर (फोटोचा उजेड) मायनसला नेलंय आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) सावलीवर वगैरे ठेवलाय, हिरव्यावर कॅमेरा ते दोन्ही जुमानत नाही, स्वतःचं चालवतो.

रानवाटा
मी नान्नजला माळढोक बघायला जायचो तेव्हा हाच कॅमेरा होता. बॉडी साधी आहे पण चालते. पक्षी कुठला दिसतोय म्हणा आता. हिवाळ्यात संभाजी तलावावर जा त्यापेक्षा.

जुळेसोलापूरकर
हल्ली मोबाईलवर भारी येतात की फोटो. एवढा धोंडा गळ्यात कशाला.

हिरवाठिपका
मोबाईलवाले धाग्यावर आले म्हणजे धागा संपला.

लग्नसराई
रिसेट करून थांबू नका. बाराबंदीची गर्दी म्हणजे फ्रेमभर पांढरं, उजेड मोजणारं मीटर फसतं आणि कॅमेरा सगळं करडं करून ठेवतो. पी किंवा एव्ही वर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +२/३, उन्हात पांढरं फाटलं तर +१/३ वर या. रॉ (कच्च्या फाइल) मध्ये काढा, व्हाइट बॅलन्स घरी बसून बदलता येतो. आणि शोभेच्या दारूकामाला जाणार असाल तर तिपाई, आयएसओ १००, एफ ८ किंवा ११, शटर तीन-चार सेकंद, फोकस एकदा लांब लावून लेन्स एमएफवर (हाताच्या फोकसवर).

होटगीरोडवाला
दारूकामाचं कुणी विचारलंय?

लग्नसराई
विचारणार होतात तुम्ही. दरवर्षी कुणीतरी विचारतं.

होटगीरोडवाला
@कडकभाकरी झालं बे!! पी वर घेतल्याबरोबर डबल टॅब दिसायले. बाबांचे तीन फोटो काढले, बाराबंदी पांढरी. पण व्ह्यूफाइंडर धुरकट ते धुरकटच. परत रिसेट मारलं, काही फरक नाही. सेन्सर गेला का? एका दुकानदाराला फोन केला तर म्हणाला लेन्स खोलावी लागेल, ठेवून जा.

मास्तर_निवृत्त
कुठेही ठेवून जाऊ नका. फोटो स्पष्ट येतायत ना स्क्रीनवर?

होटगीरोडवाला
हो, एकदम कडक. फक्त डोळा लावल्यावर दिसंना.

मास्तर_निवृत्त
मग ना सेन्सरचा प्रश्न ना लेन्सचा. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या बाजूला लहानसं चाक आहे, डायॉप्टर म्हणतात, ते तुमच्या डोळ्याचा नंबर जुळवायला असतं. मेनूतला रिसेट त्याला शिवत नाही, कारण ते हाताने फिरवायचं आहे. लेन्सवरचा एएफ-एमएफ खटका आणि वरचा डायल, त्यांचंही तसंच. आत डोळा लावा आणि फोकसचे नऊ ठिपके ठसठशीत दिसेपर्यंत चाक हळूहळू फिरवा. एक विचारतो, भाच्याला चष्मा आहे का?

होटगीरोडवाला
हो, जाड. तुम्हाला कसं कळलं?

मास्तर_निवृत्त
चष्मा काढून बघत असणार, त्याला दिसेना म्हणून चाक स्वतःच्या नंबरावर आणलं.

कडकभाकरी
मास्तर लई भारी

रानवाटा
उद्या गड्ड्यावर, जत्रेत, कोण कोण येतंय? गाडी पार्क चौकाकडं आणू नका, चालत या.

जुळेसोलापूरकर
बॅटरी काढून बघितली का पण?

होटगीरोडवाला
आरशासारखं दिसायलंय!! मास्तर, कडकभाकरी, दोघांना गड्ड्यावर भजी माझ्याकडून. बाबांना सांगितलं बाराबंदी उतरवा आता, तर म्हणतात राहू दे, सकाळी परत घालायचीच आहे.

होटगीरोडवाला
एक मिनिट, परत धुरकट. पाणी प्यायला आत गेलो तेवढ्यात भाच्यानं उचलला होता.