मदत हवी आहे: 'वुल्फ' आणि ग्रीक 'ल्युकॉस', लांडग्याशिवाय अर्थ कोणते?

उंबरठा: इंग्रजी 'वुल्फ' आणि ग्रीक 'ल्युकॉस' यांचे लांडगा सोडून आणखी काय अर्थ होतात? भाषांतर आज रात्री द्यायचंय, दोन तास एका वाक्यावर अडकलेय. 'लांडगा' घालून पाहिलं, काहीच अर्थ लागत नाही. प्लीज लवकर सांगा.

तारसप्तक: वाद्याबद्दल आहे का? चेलोवर एखादा सूर घोगरा होऊन थरथरतो, त्याला 'वुल्फ' म्हणतात. पेटीचा स्वतःचा नाद आणि तारेचा नाद भिडले की होतं. घोडीच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागच्या भागात तारेवर छोटी पितळी नळी बसवा, माझा बराच शमला.

उंबरठा: वाद्य नाहीये हो.

शब्दवेडी: 'ल्युकॉस', 'वुल्फ' आणि आपला 'वृक' एकाच मुळाचे. भीम वृकोदर, आणि इंग्रजीत 'वुल्फ' क्रियापद म्हणून आलं की बकाबका गिळणं. तेच बसवून बघा.

पारवा: ॲरिस्टॉटलनं इ.स.पू. 335 च्या सुमारास शाळा काढली ते लायसियम, अपोलो लायकियसच्या नावावरून. म्हणजे लांडग्याचा देव.

शब्दवेडी: इतकं ठाम नका सांगू. काही जण ते नाव प्रकाशाशी जोडतात, काही लिसिया प्रांताशी. संधिप्रकाशाला ग्रीक आजही 'लिकोफोस' म्हणतात.

पारवा: पण ग्रीसमधल्या आर्गोसमध्ये त्याच अपोलोच्या कथेत लांडगा आहे, त्याचं काय?

मावळतीकर: टोमॅटोच्या शास्त्रीय नावात लायकोपर्सिकम आहे, म्हणजे लांडग्याचं पीच!

बखरवाचक: ताई, आधी मूळ वाक्य टाका. सगळे अंधारात दगड मारतायत.

उंबरठा: अरे हो, राहिलंच. जुना ग्रीक लेखक प्लुटार्क, त्याचं वाक्य आहे. तोंडात 'ल्युकॉस' असलेले तापट घोडे.

टांग्याचा नातू: मग कडियाळं! नाठाळ घोड्याच्या तोंडात दातेरी कडी घालतात. आजोबांच्या टांग्याच्या सामानात एक होती, बोट फिरवलं तरी टोचायची. लॅटिनमध्येही अशा कडीला लांडग्यावरून 'लुपाटा' म्हणतात, व्हर्जिलच्या शेतीवरच्या काव्यात आहे. 'काटेरी कडियाळं' लिहा, झालं.

शब्दवेडी: तेवढ्यानं भागणार नाही. त्या घोड्यांचं नावच 'ल्युकोस्पादेस'. काही म्हणतात, त्या कडीवरून पडलं. प्लुटार्कचे वडील मात्र म्हणतात की शिंगरू असताना लांडग्याच्या तावडीतून निसटलेले घोडे चपळ निघतात, नाव त्यावरून. 'कडियाळं' केलंत तर दुसरा अर्थ कुठून येणार?

टांग्याचा नातू: पण 'लांडगा' ठेवला तर घोडेवाल्यालाही कळणार नाही.

उंबरठा: तेच तर अडकलं होतं! पहिल्यांदा 'ग्रीक ज्याला लांडगा म्हणत ते काटेरी कडियाळं' असं फोडून लिहिते, पुढे 'लांडगेकडी'. वडिलांच्या वाक्यात खरा लांडगा येईल तेव्हा जोड दिसेल. टांग्याचा नातू, 'कडियाळं' शब्द माझ्या डोक्यातच आला नव्हता, मनापासून आभार.

टांग्याचा नातू: आमच्याकडे रोजचाच होता तो.