मदत हवी आहे : भरतीतला ‘भांग’ नक्की कुठला?

नमस्कार मंडळी,

लेकीला भूगोलात ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ आली आहे. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते म्हणून उधाण, अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते म्हणून भांग, इथवर ठीक जमलं. मग तिने विचारलं, “भांग म्हणजे केसांचा की होळीतली?” माझी बोलती बंद.

शोधता शोधता अमरकोशातली ओळ सापडली : ‘भङ्गस्तरङ्ग ऊर्मिर्वा’. म्हणजे संस्कृतात भंग म्हणजे चक्क लाट! मग महिन्यातल्या सगळ्यात मरगळलेल्या भरतीला हे नाव कसं?

जाता जाता आणखी एक. पावसाळ्यात बातम्या येतात, ‘आज साडेचार मीटर उंचीच्या लाटा’. ही उंची लाटेची की भरतीची? आमचे आजोबा अलिबागकडचे. पाणी चढलं की ते उधाण म्हणायचे आणि लाटा उसळल्या की ‘दर्या खवळलाय’.

प्रतिसाद १
आजोबा बरोबर. तो आकडा भरतीच्या पातळीचा. वारा पडलेला असेल तर साडेचार मीटरची भरतीसुद्धा निमूट चढते. मुंबईत तिची धास्ती वेगळ्याच कारणाने : नाल्यांची तोंडं समुद्राच्या पाण्याखाली जातात आणि त्याच वेळी मोठा पाऊस आला की पाण्याला वाट उरत नाही.

प्रतिसाद २
होळीतली नक्की नाही. ती भांग स्त्रीलिंगी, मग ‘भांगेची भरती’ झाली असती. ‘भांगाची’ म्हणजे शब्द पुल्लिंगी, केसांच्या भांगासारखा. मूळ धातू भञ्ज्, मोडणे. लाट फुटते म्हणून ती भंग. इथे मात्र भरतीचा जोर मोडला असाच अर्थ मला पटतो.

लेकीला पाऊणकीही शिकवा. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं.

धागाकर्ती
लिंगाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता! आज षष्ठी, म्हणजे साडेचार. संध्याकाळी चौपाटीवर जाऊन ताडून बघतो आम्ही दोघी.